ड्राय बाल्कनीतलं सिंक सारखं भरून वाहतंय? मोठं सिंक आणण्याआधी हे तपासा

"दादा, सिंक लहान पडतंय, मोठं बसवून द्या." गणपती उरकले की दिवाळीपर्यंत हा फोन मला आठवड्यातून एक-दोनदा तरी येतो. पडदे, चादरी, सोफ्याची कव्हरं एकदम धुवायला निघतात आणि वर्षभर चालवून घेतलेलं सिंक नेमकं तेव्हा अंगावर येतं. मी पुण्यात स्वयंपाकघर आणि ड्राय बाल्कनीची, म्हणजे स्वयंपाकघरालगतच्या धुण्या-भांड्यांच्या बाल्कनीची, नूतनीकरणाची कामं घेतो, त्यामुळे धुण्याचं सिंक बदलून देणं हा माझा धंदाच आहे. तरीही सांगतो, ज्या घरी मी मोठं सिंक बसवायला गेलो त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांत जुनं सिंक पुरेसं होतं. दोष भलतीकडेच होता आणि मोठं सिंक बसवूनही तो तिथेच राहिला असता.

हे मला सुरुवातीला कळत नव्हतं. एका काकूंकडे १८ बाय १६ इंची सिंक काढून २४ बाय १८ बसवलं, कडप्पा नवा टाकला, पैसे घेतले, चहा पिऊन निघालो. तिसऱ्या दिवशी फोन आला, "अहो, आताही भरतंय, फक्त आधी दोन मिनिटांत भरायचं, आता तीन मिनिटांत भरतं." वेस्ट पाईपमध्ये मोज्यांच्या धाग्यांचा बोळा होता. तो काढायला मला वीस मिनिटं लागली. ते काम मी सिंक बदलण्याआधी करायला हवं होतं.

तुमच्या घरी यातलं काय होतंय ते आधी बघा

मशीनचं पाणी सुटलं की सिंक काठोकाठ भरतं आणि ओट्यावर येतं. नळ उघडला तर काही होत नाही, फक्त मशीनच्याच वेळी होतं.

सिंकमधलं पाणी जातं, पण गुडगुड आवाज करत, थांबून थांबून जातं.

सिंक कोरडं असतं, पण जमिनीवरच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या पाणी जायच्या भोकातून, फेस वर येतो.

नळाखाली बादली बसत नाही, तिरकी धरावी लागते, म्हणून ती अर्धीच भरते.

चादर पिळताना पाणी बाहेर उडतं, ओट्याची पुढची कड कायम ओली असते आणि तिथलं सिलिकॉन काळं पडलंय.

धुणं झालं की कंबर धरते.

सिंकच्या पुढच्या पट्टीवर, म्हणजे माणूस उभा राहतो त्या बाजूच्या दगडावर, केसासारखी चीर दिसते.

या सातांपैकी सिंकच्या आकाराशी खरा संबंध शेवटच्या तिघांचा आहे, तोही नेहमी नाही. बादलीचा प्रश्न बहुतेक वेळा नळाचा असतो. पहिले तीन निचऱ्याचे आहेत. म्हणून तपासणी निचऱ्यापासून सुरू करू, त्यातही ज्याला एक रुपयाही लागत नाही तिथून.

जाळी आणि मशीनची नळी

सिंकच्या भोकावरची जाळी उचला आणि उलटी करून बघा. वरून चकचकीत दिसते, पण खालच्या बाजूला कपड्यांची लव, केस आणि साबण यांचा राखाडी लगदा चिकटलेला असतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांकडे तो जास्त, कारण जड पाण्यात साबणाचा साका धरतो आणि लव त्याला चिकटते. जुन्या टूथब्रशने साफ करा. मग मशीनच्या नळीच्या तोंडाला जाळीची पिशवी किंवा जुना नायलॉनचा मोजा बांधा. तो दर चार-पाच धुण्यांनी काढून झटका. विसरलात तर मोजा भरतो, पाणी अडतं आणि मशीन पाणी बाहेर टाकता येत नसल्याची तक्रार दाखवतं.

आता नळी. ती सिंकच्या तळापर्यंत खुपसलेली असेल तर वर ओढा. तोंड पाण्याच्या वर राहिलं पाहिजे. पाण्यात बुडालेल्या नळीतून सिंकमधलं मळकट पाणी मशीनमध्ये परत ओढलं जाऊ शकतं. नळी फार खाली सोडली तर उलटं होतं, मशीन भरत असतानाच पाणी बाहेर वाहत राहतं. पंप असलेल्या बहुतेक मशीनना नळीचं तोंड जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान हवं असतं. नेमका आकडा तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत असतो. नळी सिंकच्या कडेला पट्टीने बांधा, नाहीतर पंप सुरू झाल्यावर ती सापासारखी उसळते आणि सगळं पाणी ओट्यावर. "सिंक भरून वाहतं" म्हणून मला बोलावलेल्या दोन घरी सिंक भरतच नव्हतं, नळी बाहेर उडत होती.

एक महत्त्वाचं. सेमी ऑटोमॅटिक मशीन आणि काही फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड मशीन यांना पाणी वर चढवणारा पंप नसतो, त्यांचं पाणी आपल्या वजनानेच खाली जातं. त्यांची नळी सिंकमध्ये टाकायचीच नसते, जमिनीवर नहाणीत सोडायची असते. तुमचं मशीन असं असेल तर सिंकचा आकार ठरवताना मशीनचं पाणी हिशेबातूनच काढून टाका.

बादली आणि घड्याळ

माझ्या मते सगळ्या तपासण्यांमध्ये हीच मोलाची. मोबाईलवर सेकंद मोजा, बाकी काही नको.

सिंकचं भोक बूच लावून बंद करा. बूच नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलं फडकं गुंडाळून दाबा. त्यात २० लिटरची एक बादली भरून पाणी ओता. बूच काढा आणि सिंक रिकामं व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. निचरा धड असेल तर मिनिटाच्या आत संपतं. १०० सेकंद लागले तर तुमचा निचरा मिनिटाला १२ लिटर. २०० सेकंद लागले तर फक्त ६.

आता मशीनची नळी बादलीत धरा, पाणी सोडायचा टप्पा लावा आणि बादली किती वेळात भरते ते बघा. मी मोजलेल्या बऱ्याच मशीनना २० लिटरची बादली भरायला एक मिनिट किंवा थोडं जास्त लागलं. बादली पटकन भरते, म्हणून दुसरी हाताशी ठेवा आणि घरातल्या एखाद्याला थांबवायच्या बटणापाशी उभं करा.

आता हिशेब. समजा टॉप लोड मशीन मिनिटाला १८ लिटर या वेगाने ५४ लिटर पाणी सोडतंय, म्हणजे तीन मिनिटं. निचरा मिनिटाला १२ लिटर असेल तर त्या तीन मिनिटांत ३६ लिटर निघून जातं आणि सिंकमध्ये साठतं १८. निचरा ६ लिटरचा असेल तर साठतं ३६. आता सिंक बघा. बाहेरून १८ बाय १६ असलेल्या सिंकचं भांडं आतून साधारण १६ बाय १४ आणि ८ इंच खोल असतं, त्यात काठापर्यंत २९ लिटर मावतं. २४ बाय १८ वाल्याचं भांडं २१ बाय १५ आणि ९ इंच खोल धरलं तर ४६ लिटर.

म्हणजे निचरा मिनिटाला १२ लिटर असला तरी लहान सिंक आरामात पुरतं. निचरा तुंबलेला असेल तर मोठं सिंक कसंबसं तग धरतं, त्यात एक चादर भिजत घातलेली असेल तर तेही भरून वाहणार. फ्रंट लोड मशीन एका वेळी खूपच कमी पाणी सोडतं, त्याच्यासाठी सिंक मोठं करायची गरज मला आजवर एकदाही पडलेली नाही.

तुमच्या निचऱ्याचा आकडा चांगला आला आणि तरी सिंक मशीनच्या वेळीच भरत असेल, तर शेजारी नळ चालू आहे का, जाळीवर कपडा येऊन बसतो का, एवढंच बघा. आकडा वाईट आला तर पुढे वाचा.

ओट्याखाली

बॅटरी घेऊन ओट्याखाली वाका. बहुतेक घरांत पांढरा किंवा करडा, घड्या पडलेला लवचिक पाईप दिसेल. हा स्वस्त आणि बसवायला सोपा म्हणून प्लंबर तोच लावतात. त्याच्या प्रत्येक घडीत लव अडकते आणि लांब सोडला की मध्ये झोळ पडतो. झोळात पाणी साठतं, पाण्यात साबण साठतो, आणि सहा महिन्यांत आतला मार्ग बोटाएवढा उरतो.

खाली घमेलं ठेवा, नट हाताने सैल करा आणि पाईप काढून बाल्कनीच्या उजेडात आतून बघा. बुजला असेल तर धूत बसू नका, नवा घ्या, पण तो गरजेपुरताच कापून लावा, झोळ न देता. त्याहून चांगलं म्हणजे गुळगुळीत आतल्या भिंतीचा ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप आणि एल्बो. आडव्या चाललेल्या पाईपला फुटाला पाव इंच ढाळ द्यायला सांगा. काही मिस्त्री "जास्त ढाळ म्हणजे चांगला निचरा" म्हणून पाईप उभाच करतात. सिंकला ते चालून जातं, पण खाली जोड ताणला जाऊन गळतो.

याच जागी दुसरा एक दोष सापडतो, आणि तो हौसेने केलेला असतो. वास येऊ नये म्हणून सिंकखाली बॉटल ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारी बाटलीसारखी वाटी, बसवलेला असतो, आणि त्याचा पाईप पुढे नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेला असतो, ज्याच्यात स्वतःचंच पाणी उभं असतं. दोन ट्रॅपच्या मध्ये हवा कोंडते. पाणी ढकलायला जातं, हवा वाट देत नाही, म्हणून गुडगुड. सिंकचं पाणी नहाणी ट्रॅपमध्ये वरून जात असेल तर बॉटल ट्रॅपची गरज नाही. उलट सिंकचा पाईप थेट भिंतीतल्या ७५ मिलिमीटरच्या पाईपमध्ये जात असेल तर ट्रॅप हवाच, नाहीतर वास आणि झुरळं दोन्ही घरात. पाईपच्या आणि भोकाच्या मधली फट रबरी बुशने बंद करा. तिथे फडकं कोंबलेलं मी इतक्या घरांत पाहिलंय की आता हसूही येत नाही.

पाईप मोकळा करायला ॲसिड ओतू नका. स्टीलचं सिंक त्याने खाल्लं जातं, आणि आधीच कपड्यांचं ब्लीच पडलेलं असेल तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद बाल्कनीत ते जिवावर बेतू शकतं. नाला मोकळा करणाऱ्या पावडरीही मला आवडत नाहीत. पूर्ण तुंबलेल्या पाईपमध्ये त्या तापतात, पीव्हीसी मऊ पडतं आणि कधी कधी पावडर आतच दगडासारखी बसते.

नहाणी आणि फेस

नहाणीची जाळी उचला, आतली वाटी काढता येत असेल तर काढा, हातमोजा घालून लगदा बाहेर काढा. बादलीभर पाणी एकदम ओतून बघा. झटकन गेलं तर तुमच्या फ्लॅटमधला मार्ग मोकळा आहे.

तरीही फेस येत असेल तर दोन शक्यता. पहिली, साबण जास्त पडतोय. हाताने धुवायची, भरपूर फेस देणारी पावडर मशीनमध्ये टाकली की मशीन तिला फेटतं, आणि फेस पाण्यासारखा खाली जात नाही, वाट मिळेल तिथून वर येतो. मशीनची पावडर वापरा आणि मापात वापरा, एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात. दुसरी शक्यता, तुम्ही पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर राहता आणि फेस तुमचं मशीन बंद असतानाही येतो. तो वरच्या मजल्यांचा आहे. उंच इमारतीत सगळ्यांचा फेस उभ्या पाईपच्या तळाशी, जिथे पाईप वळतो तिथे दाटतो आणि खालच्या फ्लॅटच्या ट्रॅपमधून बाहेर पडतो. तिथे तुम्ही घरात काहीही बदललंत तरी उपयोग नाही. सोसायटीला लेखी कळवा. खालचं चेंबर आणि उभा पाईप साफ करणं, गरज पडली तर खालच्या मजल्यांचा निचरा वेगळा काढणं, हे सोसायटीचं काम आहे.

नळ

बादली बसत नाही म्हणून खोल सिंक घेणारे पुष्कळ भेटतात. २० लिटरची बादली साधारण १३ इंच उंच. ती ठेवायला-काढायला वर तीन इंच मोकळे हवेत, म्हणजे सिंकच्या तळापासून नळाचं तोंड १६ इंचांवर. ८ इंच खोल सिंक असेल तर नळ काठाच्या वर ८ इंच. एवढं काम लांब मानेचा फिरता नळ करतो, सिंकला हात न लावता.

पण खरं विचाराल तर भरलेली २० किलोची बादली ओट्यावरच्या सिंकमधून उचलायचीच कशाला? तोटीच्या जागी टू-वे बिबकॉक, म्हणजे दोन तोंडांचा नळ, लावा, त्याच्या दुसऱ्या तोंडाला वीतभर नळी जोडा आणि बादली जमिनीवर भरा. माझ्या आईने हे बघितलं तेव्हा म्हणाली, "मग मोरी काय वाईट होती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कंबर

ताठ उभे राहा, हात सैल सोडा, मूठ वळा. जमिनीपासून मुठीपर्यंतचं अंतर घरातल्या कुणाकडून तरी मोजून घ्या. सिंकचा तळ या उंचीच्या आसपास असला तर वाकावं लागत नाही. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईची मूठ साधारण २६ इंचांवर येते. ३४ इंचांचा ओटा आणि ८ इंच खोल सिंक, बरोबर जमलं. त्याच ओट्यात कुणी "खोल सिंक भारी असतं" म्हणून १० इंची बसवलं की तळ २४ वर गेला, आणि ३२ इंचांचा ओटा असेल तर २२ वर. मग रोज अर्धा तास वाकून कॉलर घासायच्या.

तळ खाली गेला असेल तर सिंक बदलण्याआधी तळात उलटा ठेवलेला प्लॅस्टिकचा टब, त्यावर पाट आणि वर दुसरा टब, असं आठवडाभर करून बघा. कंबर धरणं थांबलं तर तुमचं उत्तर मिळालं, पुढचं सिंक उथळ हवं. यात धुणं करणाऱ्या माणसाची उंची मोजायची असते, पैसे देणाऱ्याची नाही. धुण्याला ताई येत असतील तर त्यांना उभं करून मापं घ्या. एका घरी साहेबांच्या उंचीने ओटा घातला होता आणि मावशी रोज पाटावर चढून भिजलेले कपडे काढायच्या.

आता खरंच सिंक बदलायचं असेल तर

वरचं सगळं करूनही चादर पिळताना पाणी उडत असेल, कपडे भिजत घालायला जागा नसेल, किंवा दगडाला चीर असेल, तर मात्र बदलाच. आणि इथेच लोक दुसऱ्यांदा चुकतात.

दुकानात २४ बाय १८ म्हणतात ते बाहेरून बाहेरचं माप. आतलं भांडं प्रत्येक कंपनीचं वेगळं. टेप घेऊन जा आणि आतून मोजा, तळाशी. कोपरे गोलाकार असलेलं भांडं तळाशी आणखी लहान होतं, पण ते घासायला सोपं. काटकोनी कोपऱ्यात लव बसते. भोक मागच्या बाजूला असलेलं सिंक मिळालं तर घ्या, कारण मधलं भोक भिजत घातलेल्या कपड्याखाली आधी झाकलं जातं.

रुंदीपेक्षा पुढून मागचं माप जास्त घात करतं. सिंकच्या पुढे दगडाची किमान अडीच-तीन इंचांची पट्टी उरली पाहिजे, मागे नळ आणि पुसायला हात जाईल एवढी जागा. म्हणजे १८ इंची सिंकला २४ इंचांचा ओटा हवा. ड्राय बाल्कनीतला ओटा बऱ्याचदा २० इंचांचा असतो. त्यात १८ इंची सिंक कोंबलं की पुढे इंचभर कडप्पा राहतो, त्यावर पोट टेकवून माणूस चादर पिळतो आणि वर्षभरात चीर पडते. २० इंचांच्या ओट्याला १६ इंची सिंकही ओढाताणीचं आहे. ओटा रुंद करा, नाहीतर पुढून मागे लहान आणि लांबीला मोठं सिंक शोधा.

लांबीचा हिशेब मशीनपासून सुरू करा. मशीन ६० सेंटिमीटर, म्हणजे २४ इंच, आणि दोन्ही बाजूला इंचभर हवा. भिंत ५ फुटांची असेल तर उरले ३४ इंच. त्यात २४ इंची सिंक आणि दोन्हीकडे पाच इंच ओटा, छान. ३७ इंचांचं, शेजारी निथळायचा पत्रा असलेलं सिंक तिथे बसत नाही हे सांगायला नको, पण एका ठिकाणी ते आधी बसवलं गेलं आणि मग मशीन हॉलमध्ये राहिलं. टॉप लोडचं झाकण उघडताना नळाला आपटत नाही ना, आणि दुरुस्तीवाला आला तर मशीन पुढे ओढता येतं ना, हे वर्तमानपत्र कापून जमिनीवर अंथरून बघा. कागद चुकला तर पुन्हा कापता येतो.

भिजत घालायचं म्हणजे नक्की काय, तेही ठरवा. शाळेचे गणवेश, लहान बाळाची दुपटी, रोजचे दोन-चार नाजूक कपडे, एवढंच असेल तर १६ बाय १४ चं भांडं पुरतं. डबल बेडची चादर बुडवून चोळायची असेल तर २१ बाय १५ च्या खाली जाऊ नका. गोधडी धुण्यासाठी सिंक कुणीच घेऊ नये. ती ओली झाल्यावर एका माणसाच्याने उचलत नाही, तिला नहाणी आणि दोन माणसंच हवीत.

स्टील १ मिलिमीटर किंवा जास्त जाडीचं घ्या, पातळ पत्रा पाणी पडताना वाजतो आणि भोकाजवळ दबतो. ३०४ दर्जाचं मागा. दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४" म्हणेल. तो दाखला पुरेसा नाही, कारण स्वस्तातलं २०२ स्टीलही चुंबकाला तसंच चिकटत नाही. फरक दिसतो सहा-आठ महिन्यांनी, ब्लीच आणि साबण बसून बारीक तांबूस ठिपके पडायला लागले की. म्हणून बिलावर दर्जा लिहून घ्या.

वरून बसणारं, काठ दगडावर टेकणारं सिंक धुण्याला बरं. ओट्याखालून चिकटवलेलं दिसायला सुबक, पण ४६ लिटर पाणी म्हणजे ४६ किलो, वर ओले कपडे. नुसत्या चिकटद्रव्यावर ते वजन ठेवू नका, खालून आधाराच्या पट्ट्या हव्यातच. भिंतीला टांगायचं सिरॅमिकचं धुण्याचं सिंक घेणार असाल तर भिंत कसली आहे ते आधी विचारा. नव्या इमारतीत हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंती असतात, त्यात विटेसारखा साधा फास्टनर धरत नाही, सैल होत जातो. खाली कडप्प्याचे उभे पाय द्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पुढची कामं मी माझ्या सख्ख्या भावालाही स्वतः करू देत नाही.

सिंकला, नळाला किंवा मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर लगेच मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा, प्लंबर नंतर. मोठ्या सिंकमुळे मशीनचा प्लग पाणी उडेल एवढ्या अंतरात येत असेल तर आधी तो प्लग हलवून घ्यायचा, मग सिंक.

खालच्या फ्लॅटच्या छताला ओल दिसत असेल तर सगळं बंद. नहाणीभोवतीचं वॉटरप्रूफिंग गेलंय किंवा लादीखालचा जोड सुटलाय. सिंक बदलताना फरशी ठोकली तर ते आणखी बिघडतं.

नहाणी ट्रॅप बदलायचा असेल, पाईपची जागा सरकवायची असेल, स्लॅबला किंवा बीमला छिन्नी लावायची वेळ येत असेल, तर सोसायटीची परवानगी आणि इंजिनिअर, याच क्रमाने. "थोडंसंच फोडू" म्हणणाऱ्या मिस्त्रीला चहा द्या आणि परत पाठवा.

पाईप आणि नहाणी साफ करूनही बादलीचं पाणी उभंच राहत असेल, तर अडथळा भिंतीपलीकडे, उभ्या पाईपमध्ये आहे. लांब स्प्रिंग घालायचं काम अनुभवी प्लंबरचंच. चुकीच्या ताकदीने ती जोड फोडून बाहेर येते.

चीर पडलेला दगड पूर्ण तुटण्याआधी सिंक रिकामं ठेवा आणि गवंड्याला बोलवा. चिरेत एम-सील भरून वापरत राहिलात तर एक दिवस पुढची पट्टी पायावर येते.

नवं सिंक बसल्यावर सिलिकॉनला २४ तास पाणी लावू देऊ नका, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, ओट्यावर चिठ्ठी लावा. मग काठापर्यंत भरा, खाली कोरडं वर्तमानपत्र पसरा, बूच काढा. कागदावर एकही थेंब नसला आणि बादलीभर पाणी मिनिटाच्या आत गेलं, तरच मिस्त्रीला उरलेले पैसे द्या.